बिग बँड आणि स्विंगचा जमाना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन नाचाच्या संगीताची गोडी लागलेल्यांना पडणारे प्रश्न इथे आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. उत्तरांमध्ये माझी आवडनिवड शिरली आहे, आणि ती लपवलेली नाही.

बिग बँड म्हणजे नेमका किती मोठा?

साधारण तेरा ते सतरा माणसांचा. तीन-चार ट्रम्पेट, तीन-चार ट्रॉम्बोन, चार-पाच सॅक्सोफोन (त्यातले बरेच जण गरजेनुसार क्लॅरिनेटही उचलायचे) आणि मागे पियानो, गिटार, बास, ड्रम. आपल्याकडे बँड म्हटलं की वरात डोळ्यांसमोर येते, आणि क्लॅरिनेट-ट्रम्पेट तिथेही असतातच. पण वरातीत सगळे मिळून बहुतेक वेळ एकच चाल वाजवतात. बिग बँडमध्ये प्रत्येकापुढे वेगळा कागद असतो. पाच सॅक्सोफोन एकाच ओळीचे पाच वेगवेगळे सूर धरतात, ट्रम्पेट त्यांना मध्येच टोकतात, ट्रॉम्बोन खालून पुस्ती जोडतात. ही सवाल-जबाबाची रचना म्हणजेच बिग बँड. ती कोणीतरी आदल्या रात्री बसून लिहिलेली असते. त्या माणसाबद्दल पुढे बरंच येणार आहे.

स्विंग ही लय आहे की संगीताचा प्रकार?

दोन्ही. लय म्हणून सांगायचं तर मात्रेचे दोन तुकडे सारखे न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड करायचा, आणि बासने चारही मात्रा चालत ठेवायच्या. हे कागदावर उतरत नाही. काउंट बेसीच्या बँडमधले वॉल्टर पेज (बास), जो जोन्स (ड्रम), फ्रेडी ग्रीन (गिटार) आणि स्वतः बेसी हे चौघे वाजवताना ऐकलं की दोन मिनिटांत कळतं. ग्रीन १९३७ मध्ये त्या बँडमध्ये आले आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. सोलो जवळजवळ नाहीच, फक्त ठेका.

एक व्यावहारिक सूचना: टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची. आपला हात सवयीने समेवर पडतो आणि इथे तो परका वाटतो. पहिले काही दिवस मुद्दाम लक्ष द्यावं लागतं.

हा जमाना सुरू कधी झाला?

तसं पाहिलं तर संगीत आधीपासून होतंच. फ्लेचर हेंडरसन यांचा बँड न्यूयॉर्कमध्ये १९२० च्या दशकापासून वाजत होता, ड्यूक एलिंग्टन १९२७ च्या डिसेंबरात कॉटन क्लबमध्ये रुजू झाले होते. पण इतिहासकार बोट ठेवतात ते २१ ऑगस्ट १९३५ वर, लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूम या नाचघरावर.

क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांचा बँड पूर्वेकडून वाजवत वाजवत तिथे पोचला होता. वाटेत डेन्व्हरला लोकांनी अगदी थंड प्रतिसाद दिला होता, म्हणून पॅलोमारलाही त्यांनी सुरुवात बेताची, गोडगोड केली. हॉल ढिम्म. मग ठेवणीतले कागद काढले आणि गर्दी नाच थांबवून मंचापुढे येऊन उभी राहिली.

असं का झालं, तर रेडिओमुळे. आदल्या हिवाळ्यात गुडमन एनबीसीच्या 'लेट्स डान्स' कार्यक्रमात शनिवारी रात्री वाजवत असत. न्यूयॉर्कमध्ये त्यांची पाळी यायची तेव्हा लोक झोपलेले असत, पण कॅलिफोर्नियाचं घड्याळ तीन तास मागे. तिथल्या पोरांनी हे सगळं ऐन संध्याकाळी ऐकलं होतं.

आणि ते ठेवणीतले कागद बऱ्याच अंशी हेंडरसन यांचे होते. त्यांचा स्वतःचा बँड १९३४ मध्ये पैशाअभावी मोडला होता आणि त्यांच्या अरेंजमेंट, म्हणजे कोणी काय वाजवायचं ते लिहिलेले कागद, गुडमन यांनी विकत घेतल्या होत्या. 'किंग ऑफ स्विंग' ही पदवी मात्र गुडमन यांना मिळाली. गुडमन स्वतः हेंडरसन यांचं ऋण मोकळेपणाने सांगत, हेही नोंदवायला हवं. फ्लेक्सवर नाव कोणाचं लागायचं हे त्यांच्या हातात नव्हतं.

अरेंजर म्हणजे संगीतकारच ना?

नाही. चाल कोणाचीही असू शकते. ती कोणत्या वाद्याने उचलायची, कुठे सगळ्यांनी एकदम आदळायचं, कुठे सोलोवाल्याला आठ मात्रागट (चार-चार मात्रांचे बार) मोकळे सोडायचे, शेवटचा आवाज किती माणसांचा, हे सगळं अरेंजर ठरवतो. एखाद्या बँडचा आवाज म्हणून आपण जे ओळखतो ते नव्वद टक्के त्याचं काम असतं. हा आकडा अर्थातच माझ्या मनाचा.

काही नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. साय ऑलिव्हर जिमी लन्सफर्ड यांच्यासाठी लिहायचे. १९३९ मध्ये टॉमी डॉर्सी यांनी त्यांना आपल्याकडे नेलं आणि डॉर्सींचा बँड ओळखू न येण्याइतका बदलला. जेरी ग्रे यांनी आर्टी शॉ यांच्यासाठी 'बिगिन द बिगिन' बांधलं, १९३८ च्या सर्वांत गाजलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक ठरलं. मग ते ग्लेन मिलर यांच्याकडे गेले आणि 'अ स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' लिहिलं. एडगर सॅम्पसन चिक वेब यांच्या बँडमध्ये होते. 'स्टॉम्पिंग ॲट द सॅव्हॉय' आणि 'डोन्ट बी दॅट वे' ही दोन्ही त्यांचीच, पण जगाला ती गुडमन यांची म्हणून माहीत आहेत.

एलिंग्टन यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या हस्तलिखितांत वाद्याऐवजी बऱ्याचदा माणसाचं नाव असायचं. तिसरा ट्रम्पेट नाही, 'कूटी'. ते सुरांसाठी लिहित नसत, माणसांसाठी लिहित. १९३९ पासून त्यांच्याबरोबर रचनाकार बिली स्ट्रेहॉर्न होते. १९४१ च्या सुरुवातीला गीत-संगीतकारांची संघटना आणि रेडिओ कंपन्या यांच्यात भांडण पेटलं, आणि एलिंग्टन यांना स्वतःच्याच रचना रेडिओवर वाजवता येईनात. तेव्हा घाईने, त्या संघटनेत नसलेल्या स्ट्रेहॉर्न यांच्या रचना पुढे आणल्या गेल्या. 'टेक द ए ट्रेन' त्यातलीच. ती पुढे बँडची ओळख-धून झाली, आणि ती एलिंग्टन यांचीच असा समज आजही सर्रास दिसतो.

आणि मग याच्या अगदी उलट टोकाला बेसी. कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबमधून १९३६ मध्ये न्यूयॉर्कला निघाले तेव्हा त्यांच्या बँडकडे कागद असे फारसे नव्हतेच. कोणी तरी एक छोटा तुकडा वाजवायचा, शेजारचे तो उचलायचे, पलीकडचे त्यावर दुसरा चढवायचे. रोज रात्री तेच करून ते पक्कं झालं की झाली अरेंजमेंट. म्हणजे इथे अरेंजर म्हणजे अख्खी बैठक.

'इन द मूड' नक्की कोणाचं?

सोपं उत्तर: ध्वनिमुद्रण ग्लेन मिलर यांचं, १ ऑगस्ट १९३९. संगीतकार म्हणून नाव जो गारलंड यांचं.

खरं उत्तर लांबलचक आहे. ती वर-खाली जाणारी मुख्य लकेर ट्रम्पेटवादक विंगी मनोन यांच्या १९३० च्या 'टार पेपर स्टॉम्प'मध्ये ऐकू येते. १९३१ मध्ये हेंडरसन यांच्या बँडच्या 'हॉट अँड ॲन्क्शस'मध्ये ती पुन्हा भेटते. गारलंड यांनी तिच्यावरून मोठी रचना बांधली आणि आधी आर्टी शॉ यांना दिली. शॉ यांनी १९३८ मध्ये ती रेडिओवर वाजवली, पण सहा मिनिटांवर जाणारी चीज तीन मिनिटांच्या तबकडीवर बसेना. मिलर यांनी कात्री चालवली. शेवटचा तो खोटा शेवट, आवाज हळूहळू विरत जातो आणि मग अचानक सगळे उसळतात, हा त्या कापाकापीचा गाभा. श्रेय कापणाऱ्यालाही द्यायला हवं.

मिलर यांचं विमान खरंच सापडलं नाही?

नाही. १५ डिसेंबर १९४४ रोजी ते इंग्लंडमधल्या ट्विनवुड फार्म विमानतळावरून एका छोट्या नॉर्समन विमानाने पॅरिसला निघाले. मागाहून येणाऱ्या आपल्या लष्करी बँडची व्यवस्था लावायला. हवा खराब होती. विमान, वैमानिक, प्रवासी, काहीच हाती लागलं नाही. अफवा असंख्य आहेत. थंडीत इंजिनच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणं हे सर्वांत साधं आणि पटणारं स्पष्टीकरण.

मिलर आवडतात असं म्हटलं की जॅझवाले नाक का मुरडतात?

कारण त्यांच्या बँडमध्ये सगळं ठरलेलं होतं, सोलोसुद्धा. सॅक्सोफोनच्या वर क्लॅरिनेटला मुख्य सूर देऊन त्यांनी जो आवाज काढला तो एका सुरात ओळखू येतो, आणि तो त्यांनी कधी सोडला नाही. 'चॅटनूगा चू चू'च्या बारा लाख प्रती खपल्या म्हणून फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांना सोनेरी मुलामा दिलेली तबकडी भेट मिळाली, ही त्या प्रकारची पहिलीच. मला स्वतःला मिलर इस्त्री केलेले वाटतात. पण 'मूनलाइट सेरेनेड' लागलं की मीही बंद करत नाही.

त्या काळात वर्णभेद होता, मग तो इतका 'सोनेरी' कसा?

ज्याने त्याने आपापल्या जागेवरून पाहिलेला सोनेरी. कॉटन क्लब न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत होता, मंचावर कृष्णवर्णीय आणि टेबलांवर फक्त गोरे. १९३८ मध्ये बिली हॉलिडे आर्टी शॉ यांच्या गोऱ्या बँडबरोबर गात होत्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या हॉटेलात त्यांना सामानाच्या लिफ्टने जायला सांगितलं गेलं. दक्षिणेत हॉटेलं मिळत नसत म्हणून एलिंग्टन यांचा बँड स्वतःच्या भाड्याच्या रेल्वे डब्यांतून फिरायचा आणि त्यातच झोपायचा. छायाचित्रांत ते डबे ऐटबाज दिसतात.

दुसरी बाजूही आहे. गुडमन यांनी १९३६ पासून टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्प्टन यांना उघड मंचावर बरोबर घेतलं. आणि हार्लेमच्याच सॅव्हॉय बॉलरूममध्ये दोन्ही वर्णांचे लोक एकाच जमिनीवर नाचत. पण हे अपवाद होते म्हणूनच लक्षात राहिले.

बायका फक्त गायच्या का?

बाहेरून तसं दिसतं. अँडी कर्क यांच्या बँडचा कणा पियानोवादक मेरी लू विल्यम्स होत्या, वाजवणंही त्यांचं आणि बरंचसं लिहिणंही. गुडमन यांचं 'रोल एम' त्यांचंच. मिसिसिपीतल्या एका शाळेतून निघालेला 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम' हा संपूर्ण स्त्रियांचा, मिश्र वर्णांचा बँड होता. दक्षिणेत एकत्र प्रवास करणंच कायद्याविरुद्ध असल्याने त्यातल्या गोऱ्या मुली चेहऱ्याला गडद रंग लावून बसत.

या संगीतावर नाचायचे कसे?

सॅव्हॉय बॉलरूम १९२६ मध्ये हार्लेमच्या लेनॉक्स ॲव्हेन्यूवर उघडलं. दोन मंच, म्हणजे एक बँड थांबला की दुसरा लगेच सुरू. लिंडी हॉप हा नाच तिथेच वाढला. ११ मे १९३७ ला तिथे चिक वेब विरुद्ध बेनी गुडमन असा सामना झाला आणि बाहेर रस्त्यावर हजारो लोक अडकून पडले. वेब जिंकले. पाठीचा कणा वाकलेला, उंचीने अगदी लहान असा हा ड्रमवादक, आणि गायिका म्हणून शेजारी एला फिट्झजेराल्ड. दोन वर्षांनी वेब गेले.

तिथले नामांकित नर्तक फ्रँकी मॅनिंग जोडीदारणीला हवेत भिरकावण्यासाठी प्रसिद्ध होते. युद्धानंतर नाचाची मागणीच संपली, तेव्हा ते टपाल खात्यात लागले आणि तीसेक वर्षं तिथेच होते. १९८० च्या दशकात अमेरिकेतली आणि स्वीडनमधली तरुण मंडळी त्यांना शोधत गेली, आणि सत्तरीतला हा माणूस पुन्हा जगभर शिकवत फिरू लागला. आज मुंबई-बेंगळुरूत जे कोणी लिंडी हॉप शिकतात, त्यांची परंपरा तिथूनच येते.

जुनी गाणी सगळी तीन मिनिटांचीच का?

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. म्हणून सोलो आठ-सोळा मात्रागटांत आटोपायचे. गुडमन यांचं 'सिंग, सिंग, सिंग' १९३७ मध्ये बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजू भरून काढलं, ते धाडसच मानलं गेलं. हॉलमध्ये हेच तुकडे दुप्पट-तिप्पट लांबायचे. त्यामुळे रेडिओ प्रक्षेपणांवरून उतरवून घेतलेली मुद्रणं मिळाली तर ती जरूर ऐका, खराब असली तरी.

या तबकड्यांचा भारताशी थेट संबंध आहे. त्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांची ती लाख प्रामुख्याने छोटा नागपूरच्या पट्ट्यातून जगभर जायची. जपानशी युद्ध पेटल्यावर समुद्री वाहतूक धोक्यात आली, आणि एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेने नागरी तबकड्यांसाठीचा लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी कापला. लोक जुन्या तबकड्या भंगारात देऊन नव्या घ्यायचे. त्या काळातल्या कितीतरी चीजा दुर्मीळ झाल्या त्या अशा.

मग हे सगळं संपलं कशाने?

एका कारणाने नाही. वादक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायर रेशनवर आल्याने बसने गावोगाव फिरणं अशक्य झालं. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. डेक्का कंपनी वर्षभराने नमली, व्हिक्टर आणि कोलंबिया १९४४ च्या नोव्हेंबरात. गायक त्या संघटनेत नव्हते, त्यामुळे या काळात ते नुसत्या कोरसच्या साथीने मुद्रण करत राहिले आणि फ्रँक सिनात्रांसारखे लोक बँडपेक्षा मोठे झाले. १९४४ मध्ये नाच असलेल्या ठिकाणांवर जबर करमणूक कर आला. हॉटेलवाल्यांनी नाचाची जमीन टेबलांनी भरली. १९४६ संपता संपता वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी यांच्यासह अनेकांनी बँड मोडले.

बीबॉपने, म्हणजे मागून आलेल्या, नाचापेक्षा ऐकण्यासाठीच्या वेगवान जॅझने, स्विंगला मारलं असं म्हणतात ते मला पटत नाही. सतरा माणसांचा पगार आणि बसचं भाडं निघेना, हे जास्त खरं.

मुंबईत असे बँड होते का?

होते, आणि चांगले होते. १९३५ मध्ये अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड इथेच राहिले आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने गेले. त्यांच्याकडून शिकले ते प्रामुख्याने गोव्याचे वादक, कारण चर्चच्या शाळांमुळे पाश्चात्त्य नोटेशन त्यांना लहानपणापासून वाचता यायचं. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मिकी कोरिया यांचा बँड ताजमध्ये बरीच वर्षं होता.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईच्या रात्री आटल्या. वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या स्टुडिओत गेले. आणि इथे पुन्हा तोच अरेंजरचा प्रश्न उभा राहतो. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल द्यायचे. ती तीस-चाळीस वादकांसाठी लिहून काढायचे सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. श्रेयनामावलीत नाव आलंच तर 'सहायक' म्हणून.

पुणतांब्याचे सी. रामचंद्र, आपले चितळकर, यांना हा आवाज सर्वांत आधी आणि सर्वांत मोकळेपणाने भावला. 'शहनाई'तलं (१९४७) 'आना मेरी जान', 'पतंगा'तलं (१९४९) 'मेरे पिया गये रंगून' ऐका. 'अलबेला'त (१९५१) चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर होते, आणि पडद्यावर भगवानदादांच्या मागेही बँडसकट दिसतात. पुढच्या वेळी भगवानदादांच्या पायांवरून नजर काढून मागे बघा. अवघड आहे, पण जमतं.

एलिंग्टन भारतात आले होते?

हो, १९६३ मध्ये, अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर, मुंबईतही. दिल्लीत ते आजारी पडले होते. पुढे त्या दौऱ्यावरून 'फार ईस्ट स्वीट' ही रचनामाला झाली, त्यात 'आग्रा' आहे आणि दिल्लीच्या साळुंकीवरची एक चीज आहे. ती साळुंकी स्ट्रेहॉर्न यांची. सोलो जिमी हॅमिल्टन यांच्या क्लॅरिनेटचा.

माझा जन्म १९८५ चा. मला या काळाची हुरहूर कशी लागते?

तुम्ही एकटे नाही. ही हुरहूर जमाना संपल्यावर लगेचच सुरू झाली होती. १६ जानेवारी १९३८ ला कार्नेगी हॉलमध्ये झालेली गुडमन यांची मैफल १९५० मध्ये एलपीवर निघाली आणि तुफान खपली. जेमतेम बारा वर्षांपूर्वीचा कार्यक्रम, आणि ऐकणारे तिशीतले. १९५४ मध्ये मिलर यांच्यावर चित्रपट आला. १९९० च्या दशकात कपड्यांच्या जाहिरातींपर्यंत स्विंग पुन्हा पोचलं.

हुरहूर लागू द्या. फक्त ती कोणी विकली आहे हे पाहा. 'सुवर्णयुगातली शंभर गाणी' छाप संग्रहांत तीच वीस-पंचवीस गाणी असतात, बहुतेक गोऱ्या बँडची, आणि खरखर काढण्याच्या नादात झांजांचा आवाजही पुसलेला असतो. मग लोक म्हणतात, सगळं एकसारखंच वाटतं. वाटणारच.

आज कुठे प्रत्यक्ष ऐकता येतं?

न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरात १९६६ पासून दर सोमवारी एक बिग बँड वाजतो. बेसी आणि मिलर यांच्या नावाचे बँड संस्थापकांच्या मागे अजून दौरे करतात. अमेरिकेतल्या परदेशस्थ मराठी मंडळींनी लांब जाऊ नये: मुलांच्या हायस्कूलचा जॅझ बँड ऐकावा. हा प्रकार खरा जिवंत आहे तो तिथे, आणि प्रवेश बहुतेक ठिकाणी फुकट असतो.

सुरुवात कुठून करू?

बेसी, १९३७ ते ३९. मग एलिंग्टन १९४० ते ४२, विशेषतः 'को-को' आणि 'कॉटन टेल'. मग लन्सफर्ड. गुडमन यांची कार्नेगी हॉलची मैफल सलग. स्वच्छ ध्वनिमुद्रणच हवं असेल तर नील हेफ्टी यांनी लिहिलेली बेसी यांची १९५७ ची मुद्रणं. मिलर कधीही, जेवताना.

ही जुनी ध्वनिमुद्रणं उतरवून घेणं कायदेशीर आहे का?

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो, त्यामुळे १९३०-४० च्या तबकड्या त्यातून सुटल्या आहेत. मूळ रचनेचा हक्क वेगळा असतो, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. अमेरिकेत नियम बरेच कडक आहेत. घरी ऐकणाऱ्याने फार काळजी करू नये. व्हिडिओखाली लावून पैसे मिळवायचे असतील तर वकिलाला विचारा.

अरेंजर कोण होता ते शोधायचं कसं?

तबकडीच्या लेबलवर कंसात असतं ते नाव बहुधा संगीतकाराचं, अरेंजरचं क्वचितच. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने जुन्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांची सूची महाजालावर मोफत ठेवली आहे. तिथे तबकडीचा क्रमांक किंवा बँडचं नाव टाकलं की मुद्रणाची तारीख आणि बऱ्याचदा वादकांची यादी मिळते, काही वेळा अरेंजरही. नाही मिळाला तर सीडी संचांसोबतच्या पुस्तिका पाहाव्यात. आणि दहा-बारा नावं कानात बसली की अंदाज बांधता येऊ लागतो: ट्रम्पेट तोंडावर हात घेतल्यासारखे दबके आणि ठेका निवांत दोनाचा असेल तर साय ऑलिव्हर, सॅक्सोफोन आणि पितळी वाद्यं आळीपाळीने, स्वच्छ सवाल-जबाब करत असतील तर हेंडरसन.